होल्डन न आवडणाऱ्यांसाठी

पुढच्या पानांतले लेख लिहिणारे सगळे तरुण वाचक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना होल्डन कॉलफील्ड आवडलेला नाही. कुणाला तो किरकिऱ्या वाटला, कुणाला लाडावलेला, कुणाला मुलींशी हलकटपणे वागणारा. काहींनी पुस्तक नेटाने संपवलं, काहींना ते मधेच मिटून ठेवावंसं वाटलं. लेख एकत्र छापायचे ठरले तेव्हा होल्डनची बाजू मांडणारेही काही लेख असावेत, अशी सूचना आली होती. मला ती पटली नाही. ‘द कॅचर इन द राय’ ही जे. डी. सॅलिंजर यांची कादंबरी १९५१ साली आली, आणि तेव्हापासून होल्डनच्या बाजूने लिहिणाऱ्यांची वाण कधी पडलेली नाही. तो न आवडण्याबद्दल मात्र धड बोलणं होत नाही. वर्गात कुणी म्हणालं की मला हा मुलगा सहन होत नाही, तर त्याला ठरावीक उत्तरं मिळतात: तू अजून लहान आहेस, किंवा आता तुझं वय निघून गेलं, किंवा तुला पुस्तक कळलंच नाही. कोणतंही उत्तर दिलं तरी विषय तिथेच बंद होतो.

मला तो बंद करायचा नाही. या लेखांतला राग मला योग्य जागचा वाटतो, कारण तो वाचकांनी आपल्या घरून आणलेला नाही. सॅलिंजरने तो कादंबरीत मुद्दाम, मोठ्या कष्टाने पेरला आहे. होल्डनविरुद्ध जेवढा म्हणून पुरावा आपल्या हाती आहे, तो सगळा खुद्द होल्डनने दिलेला आहे. दुसरा साक्षीदारच नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे लेख वेगळ्या तऱ्हेने वाचता येतील, म्हणून इथे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कादंबरी वाचून बरेच दिवस झालेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सोळा वर्षांच्या होल्डनला पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सी नावाच्या निवासी शाळेतून काढून टाकलं आहे. ही त्याची पहिली शाळा नव्हे, चौथी. पाचपैकी चार विषयांत तो नापास आहे, पास फक्त इंग्रजीत. नाताळची सुट्टी लागायला थोडे दिवस उरलेत. खोलीतल्या जोडीदाराशी, स्ट्रॅडलेटरशी, मारामारी होते आणि होल्डन रात्रीच सामान उचलून न्यू यॉर्कला येतो, पण घरी जात नाही. हॉटेलात उतरतो, दारू मागतो, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालतो, अवेळी लोकांना फोन करतो, मार खातो, आणि धाकट्या बहिणीला भेटायला आपल्याच घरात चोरासारखा शिरतो. शनिवार दुपार ते सोमवार, एवढाच काळ. जवळजवळ प्रत्येक माणूस त्याला ढोंगी वाटतो. हे सगळं तो नंतर, सतरा वर्षांचा झाल्यावर, कॅलिफोर्नियातल्या एका ठिकाणी उपचार घेत असताना आपल्याला सांगतो.

‘आपल्याला सांगतो’ हे महत्त्वाचं. पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की शाळेच्या तलवारबाजीच्या संघाचा तो मॅनेजर होता आणि संघाचं सगळं साहित्य तो न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत विसरला. सामना झालाच नाही. परतीच्या गाडीत संघातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. ही गोष्ट त्याने न सांगता सहज चालली असती. पुढे आगगाडीत त्याला एका वर्गमित्राची आई भेटते. तिला तो खोटं नाव सांगतो, आणि ते नाव असतं वसतिगृहाची झाडलोट करणाऱ्या माणसाचं. तिचा मुलगा त्याच्या मते शाळेतला सगळ्यांत दुष्ट पोरगा. पण तिच्यापुढे तो त्याचे गोडवे गातो. सुट्टीआधीच कसा निघालास, असं तिने विचारल्यावर मेंदूत छोटी गाठ आहे, ऑपरेशन आहे, असं ठोकून देतो. बाई हळहळते. त्या हळहळीने आपल्याला कसंसं होतं. आणि आपल्याला हे कळतं कशावरून? बाईला तर काही कळलेलं नाही. आपल्यासारखा थापाड्या दुसरा नसेल, हेही त्याने त्याआधीच कबूल करून ठेवलेलं असतं.

होल्डन भेटेल त्याच्याशी खोटं बोलतो, वाचकाशी मात्र बोलत नाही. निदान स्वतःच्या क्षुद्रपणाबाबत तरी नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तो अन्याय करतो, अतिशयोक्ती करतो, एकाच वाक्यात एखाद्याचा निकाल लावून मोकळा होतो. पण आपण रडलो, घाबरलो, पळालो, कुणाला दुखावलं, हे सगळं सांगतो. हॉटेलातला लिफ्टवाला त्याला पाच डॉलरमध्ये मुलगी पाठवायचं विचारतो आणि तो हो म्हणून बसतो. सनी नावाची ती मुलगी येते, साधारण त्याच्याच वयाची. ती झगा काढते तेव्हा तो नेऊन कपाटात टांगतो आणि तेवढ्यात त्याला वाईट वाटायला लागतं: हा हिरवा झगा घ्यायला ही दुकानात गेली असेल, तेव्हा दुकानातल्या कुणालाही ती काय करते ते ठाऊक नसेल, इतर गिऱ्हाइकांसारखीच एक समजले असतील. मग त्याला फक्त बोलायचं असतं. ती वैतागते, दहा डॉलर मागते. नंतर लिफ्टवाला तिला घेऊन परत येतो, पैसे वसूल करतो आणि होल्डनला मारतो. या प्रसंगात होल्डन आवडावा असं काही नाही. त्याने मुलगी मागवली होती, हे त्या झग्याकडे बघून वाईट वाटल्यामुळे पुसलं जात नाही. पण झगा टांगणारा आणि मुलगी मागवणारा एकच आहे, आणि दोन्ही गोष्टी त्याने एकाच सुरात सांगितल्या आहेत, एकीची भरपाई म्हणून दुसरी पुढे न करता.

हे सहज जमलेलं नाही, याचा पुरावा उपलब्ध आहे. सॅलिंजरचा जन्म १९१९ चा, न्यू यॉर्कचा. होल्डन त्याच्या डोक्यात कादंबरीच्या दहा वर्षं आधीपासून होता. ‘स्लाइट रिबेलियन ऑफ मॅडिसन’ ही कथा ‘न्यू यॉर्कर’ने १९४१ मध्ये स्वीकारली होती, पण डिसेंबरात पर्ल हार्बर झालं, अमेरिका युद्धात उतरली, आणि शाळकरी पोराच्या चिडचिडीची कथा छापायची ती वेळ राहिली नाही. ती छापून आली १९४६ च्या डिसेंबरात. मधल्या काळात सॅलिंजर युद्धावर होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना या कादंबरीची काही प्रकरणं त्याच्याजवळ होती. हुर्टगेनच्या जंगलातली भयंकर लढाई त्याने पाहिली, युद्ध संपल्यावर मानसिक ताणामुळे काही काळ इस्पितळात राहिला.

ती १९४६ ची कथा आणि कादंबरीचं सतरावं प्रकरण शेजारी ठेवून वाचावं, असं मी प्रत्येकाला सुचवेन. प्रसंग एकच आहे. होल्डन आणि त्याची मैत्रीण सॅली हेज रेडिओ सिटीला बर्फावर स्केटिंग करायला जातात, मग बसून बोलतात, आणि भांडतात. कथेत निवेदक बाहेरचा आहे, तृतीय पुरुषातला. तिथला होल्डन एक उद्धट, गोंधळलेला, श्रीमंत घरचा मुलगा दिसतो. कथा नेमकी आहे, पण तो मुलगा आपल्याला फार काळ छळत नाही. कादंबरीत तोच प्रसंग होल्डनच्या तोंडी आला आणि सगळं बदललं. आता त्याच्या ओरडण्याची बातमी आपल्याला त्याच्याचकडून मिळते, आणि ती देताना आपण ओरडत होतो हे त्याला तेव्हा समजलंच नव्हतं, हेही कळतं.

त्या प्रसंगापाशी थोडं थांबू या, कारण पुढच्या लेखांपैकी कितीतरी लेख तिथेच पेटले आहेत. सॅली आणि होल्डन दोघंही स्केटिंगमध्ये कच्चे. घोटे वाकून बर्फाला टेकायला आलेले. शेवटी आत जाऊन बसतात. नाताळच्या आदल्या रात्री झाड सजवायला घरी येणार आहेस का, एवढंच सॅलीला विचारायचंय. होल्डन भलतंच सुरू करतो. शाळेचा वीट आलाय, न्यू यॉर्कचा वीट आलाय. मग अचानक एक बेत मांडतो: ओळखीच्या एकाकडून गाडी उसनी घ्यायची, मॅसॅच्युसेट्स, व्हर्माँटकडे निघून जायचं, पैसे संपेपर्यंत झोपड्यांतून राहायचं, पुढे तो नोकरी करेल, ओढ्याकाठी घर, हिवाळ्यात स्वतः लाकडं फोडेल. बँकेत १८० डॉलर आहेत, सोमवारी सकाळी काढतो. सॅली म्हणते, असं करता येत नाही, आपण अजून मुलं आहोत, तुझं कॉलेज होऊ दे, मग जायला पुष्कळ जागा आहेत. होल्डन हट्टाला पेटतो, बेत मोडल्यावर तिला अत्यंत हीन शब्दांत बोलतो, ती रडते, तो माफी मागतो, आणि माफी मागता मागताच त्याला हसू फुटतं. ती त्याला निघून जायला सांगते. तो जातो. नंतर म्हणतो की तिला खरं तर मी नेलंही नसतं. पण विचारलं तेव्हा मनापासून विचारलं होतं, हेच भयंकर आहे.

इथे मी सॅलीच्या बाजूचा आहे. ती उथळ आहे असं होल्डन म्हणतो, आणि तिचं बोलणं ऐकून ते थोडंफार पटतंही; पण त्या टेबलापाशी शहाणपणाचं बोलणारी एकटी तीच होती आणि शिव्या तिच्याच वाट्याला आल्या. कादंबरीनेच हे दाखवलं आहे. होल्डनने सॅलीची वाक्यं गाळली असती किंवा तिला मूर्ख ठरवेल असं काहीतरी तिच्या तोंडी घातलं असतं, तर आपण त्याच्या बाजूने गेलो असतो. त्याने तिची वाक्यं जशीच्या तशी ठेवली.

आता दुःखाविषयी. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेला. तारीखही होल्डनला पाठ आहे, १८ जुलै १९४६. ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या, मैदानात उभं राहून कंटाळा आला की वाचायला. ॲली गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या. पाऊस आला की तो हात अजून दुखतो. ही माहिती पाचव्या प्रकरणात येते, स्ट्रॅडलेटरसाठी निबंध लिहून देताना, जाता जाता. शिकवणारे बहुतेकदा ही किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती देतात: भाऊ गेल्याचं दुःख आहे, म्हणून तो असा वागतो. यात खोटं काही नाही. पण किल्ली फिरवली की होल्डन एकदम रुग्ण होतो, आपण समजूतदार होतो आणि सॅलीचं रडणं कुणाच्या लक्षात राहत नाही. मला ही समजूतदार वाचनपद्धत मनापासून खटकते. दुःखी माणसाने दुखावलेल्या माणसाला कमी दुखतं, असं नसतं.

आणि कादंबरी स्वतःच या सोप्या वाटेने जाऊ देत नाही. सनी खोलीतून गेल्यावर होल्डन फार खचतो आणि ॲलीशी मोठ्याने बोलायला लागतो. काय बोलतो? सायकल घेऊन ये आणि मला अमक्याच्या घरापाशी भेट. हे तो पूर्वी कधीतरी बोलायला हवा होता आणि बोलला नव्हता. मेनमध्ये राहत असताना होल्डन आणि शेजारचा एक मुलगा सायकलवरून छर्‍याच्या बंदुका घेऊन तळ्याकडे निघाले होते. ॲलीने मी येऊ का विचारलं, आणि होल्डन म्हणाला, तू लहान आहेस. एवढंच घडलं होतं. त्यामुळे मन फार खचलं की तो ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा पुन्हा म्हणतो. म्हणजे ज्या दुःखाच्या आधारे आपण त्याला माफ करायला निघालो, त्या दुःखाच्या गाभ्यातही त्याने आपलं एक वाईट वागणं जपून ठेवलं आहे. ॲलीशी तो नेहमी वाईट वागत नसे, हे तो सांगतो. पण आठवतो तो हा दिवस.

होल्डनवरचे आक्षेप वाचकांच्या आधी कादंबरीतल्या माणसांनी घेतले आहेत, हेही या लेखांच्या सोबतीने बघण्यासारखं आहे. जुना शाळासोबती कार्ल ल्यूस बारमध्ये त्याला विचारतो, तू मोठा कधी होणार? सॅली म्हणते, ओरडू नकोस. इतिहासाचे म्हातारे स्पेन्सर सर त्याच्याच उत्तरपत्रिकेतला पोकळ मजकूर त्याला वाचून दाखवतात. पण सगळ्यांत कठोर आहे ती दहा वर्षांची बहीण, फीबी. तुला काहीच आवडत नाही, असं ती तोंडावर सांगते, आणि आवडणारी एक तरी गोष्ट सांग म्हणते. त्याला काही सुचत नाही. सकाळी नाश्त्याला भेटलेल्या दोन नन्स आठवतात. एका शाळेत मुलांच्या छळापायी खिडकीतून उडी मारून मेलेला जेम्स कॅसल आठवतो, त्या वेळी त्याच्या अंगात होल्डनकडून उसना घेतलेला स्वेटर होता. शेवटी तो म्हणतो, मला ॲली आवडतो. फीबी म्हणते, ॲली मेला. पुढच्या पानांत एका लेखिकेने होल्डनला विचारलेले प्रश्न वाचताना मला फीबीचीच आठवण आली. इतका नेमका प्रश्न प्रौढ समीक्षकांनीही त्याला क्वचितच विचारला असेल.

या कादंबरीवर नाराज होणारे पहिले वाचक अनुभवी संपादक होते. हार्कोर्ट ब्रेस या प्रकाशनसंस्थेत संपादक रॉबर्ट गिरू यांना हस्तलिखित आवडलं, पण त्यांचे वरिष्ठ युजीन रेनाल यांनी विचारलं की हा मुलगा वेडा आहे असं समजायचं का. सॅलिंजरने हस्तलिखित काढून घेतलं आणि १६ जुलै १९५१ ला लिटल, ब्राउनने ते प्रसिद्ध केलं. ज्या ‘न्यू यॉर्कर’ने त्याच्या कथा छापल्या होत्या त्यानेही कादंबरीतले उतारे घ्यायला नकार दिला, कॉलफील्ड कुटुंबातली पोरं इतकी हुशार असणं त्यांना खरं वाटेना. नंतर शाळांमधून आणि ग्रंथालयांतून ती काढून टाकण्यासाठी तक्रारी झाल्या, १९६० मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथे ती वर्गात लावल्याबद्दल एका शिक्षिकेची नोकरी गेली होती. २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख आला तो मात्र उलट दिशेचा: आताच्या मुलांना होल्डन बंडखोर वाटत नाही, नुसता रडका वाटतो. पालक चिडत होते तोपर्यंत मुलांनी होल्डन उशीखाली ठेवला. शिक्षकच तो वाचायला लावू लागले आणि मुलांची ओढ ओसरली, असं मला वाटतं. कुमारांसाठीची वेगळी कादंबरी म्हणून आज आपण जे ओळखतो ते अमेरिकेत नंतर उभं राहिलं, एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ ची. ‘कॅचर’ प्रौढांसाठी म्हणूनच प्रसिद्ध झाली होती. आजचा पंधरा-सोळा वर्षांचा वाचक हिंटननंतरच्या परंपरेवर वाढून तिच्याकडे येतो, आणि त्या परंपरेतला निवेदक बहुधा वाचकाचा मित्र असतो. होल्डन मैत्रीसाठी जवळ येतो आणि लगेच झिडकारतो.

मराठी वाचकाची तयारी आणखी वेगळी. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांना पुस्तकात भेटलेला पहिला मुलगा म्हणजे श्याम. श्याम चुकतो, हट्ट करतो, पण चूक दाखवायला आई आहे आणि चूक कळल्यावर त्याला रडू येतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर असा की ‘वनवास’ वाचताना त्याला जवळ घ्यावंसं वाटतं. त्याच्या भोवती आजी-आजोबा आहेत, सुमी आहे. या मुलांवर प्रेम करायला वाचकाला काही करावं लागत नाही. या दोघांहून वेगळा तो भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, १९६३ चा. त्याची आणि होल्डनची तुलना मराठीत वारंवार झाली आहे, आणि ती स्वाभाविक आहे: तेच प्रथमपुरुषी बोलणं, तोच चौफेर वैताग, शिक्षणाचा तोच बोजवारा, आणि दोघांच्याही मध्यभागी गेलेलं धाकटं भावंड. पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या, मरणानंतरची पानं वाचलेला माणूस ती विसरत नाही. पांडुरंगही अनेकांना आवडत नाही. वडिलांच्या पैशांवर पुण्यात चैन करणारा पोरगा म्हणून त्याचा राग येतो. पण पांडुरंगला भांडायला वडील आहेत. ते हिशेब मागतात, रागावतात, आणि शेवटी तो आपल्या गावी, सांगवीलाच परत जातो. वाचकाला वैताग आला तर वडिलांची बाजू घ्यायची सोय आहे. होल्डनचे वडील कादंबरीत प्रत्यक्ष येतच नाहीत. आई येते ती फक्त आवाजाने: ती फीबीच्या खोलीत बोलत असते तेव्हा होल्डन कपाटात लपलेला असतो. त्यामुळे मराठी वाचकाला इथे कुणाच्या ओसरीवर टेकायला जागा मिळत नाही, आणि मला वाटतं, आपल्या लेखांतला पुष्कळसा संताप त्यातून आला आहे.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. पैशाचा. वडील मोठ्या कंपन्यांचे वकील, आजी वाढदिवसाचे पैसे वर्षातून चारदा पाठवते, चौथ्या शाळेतून काढल्यावरही पाचवी शाळा मिळणार हे नक्की. फी भरता आली नाही म्हणून वर्ष बुडालेल्या किंवा बुडताना पाहिलेल्या वाचकाला चार विषयांत नापास होऊन हॉटेलात उतरणारा मुलगा परका वाटणारच. होल्डनला पैशाची लाज वाटते, नन्सना तो दहा डॉलर देतो आणि त्यांच्या साध्या नाश्त्यापुढे आपली अंडी आणि बेकन त्याला खुपतात. पण ही लाज त्याला कुठे नेत नाही, आणि कादंबरीही तिच्या मागे फार जात नाही. जेनच्या बाबतीतही तसंच. जेन गॅलघर त्याला मनापासून आवडते, तिच्या आठवणी तो जपतो, तिला फोन करायचं सतत मनात आणतो, आणि एकदा आईने उचलला म्हणून ठेवून देतो. जेन शेवटपर्यंत आठवणीतच राहते. तिला स्वतःला काही बोलायचं असेल, हे आपण फक्त धरून चालायचं. लेखांतल्या दोघींनी याबद्दल जे लिहिलं आहे त्यात मला भर घालायची नाही.

पंचविसाव्या प्रकरणावर या लेखांत फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून ते इथे घेतो. होल्डनने पश्चिमेकडे निघून जायचं ठरवलंय. फीबीने नाताळच्या खरेदीसाठी साठवलेले आठ डॉलर पासष्ट सेंट त्याला दिले होते, ते परत करायला तो तिला म्युझियमच्या दाराशी बोलावतो. ती येते ती भलीमोठी बॅग ओढत, त्याची लाल शिकारी टोपी घालून. मीही येते, म्हणते. आणि होल्डन तिच्यावर खेकसतो. गप्प बस, म्हणतो. ती रडते तेव्हा त्याला तिचा जवळजवळ द्वेष वाटतो. आपल्याबरोबर निघाली तर शाळेच्या नाटकातलं काम हुकेल, याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग. ती टोपी काढून त्याच्या अंगावर फेकते. इथेही होल्डन वाईटच वागतो. पण या वेळी पळून जायचा बेत दुसऱ्याने मांडला आहे, आणि शाळा आहे, नाटक आहे, असं जमत नाही, हे सांगायची पाळी त्याच्यावर आली आहे. सॅलीने जे सांगितलं होतं तेच तो सांगतो, तिच्याइतक्या चांगल्या शब्दांत त्याला सांगता येत नाही एवढंच. ॲलीलाही त्याने असंच परतवलं होतं. पण ते परतवणं चूक होतं, फीबीला परतवणं बरोबर आहे, आणि आता जाणं त्याला स्वतःला रद्द करावं लागतं. लेखांकडे वळण्याआधी सतरावं प्रकरण पुन्हा एकदा काढून फक्त सॅलीची वाक्यं वाचावीत, एवढी विनंती आहे. होल्डनवर चिडलेल्या वाचकांनी तर जरूर वाचावीत. त्यांच्या लेखांना सगळ्यांत भक्कम आधार तिथे मिळेल.